काल किती जणांनी नेलं

धाकट्याच्या खोलीत पाय ठेवायला कधी जागा नसायची. कपडे खुर्चीवर, वायरी गादीवर, चहाचे कप खिडकीत, आणि या सगळ्याच्या मधोमध तो मांडी घालून कॉम्प्युटरसमोर बसलेला. पसारा आवर, हे एकच वाक्य आईने त्याला जन्मभर ऐकवलं. खोली त्याने काही आवरली नाही. उलट आपण लिहिलेल्या पहिल्या प्रोग्रामचं नावच 'पसारा' ठेवलं आणि तो जगासमोर मांडून मोकळा झाला.

जगासमोर म्हणजे एका रिपॉझिटरीवर. हे एक भलंमोठं सार्वजनिक कोठार आहे असं समजा. प्रोग्राम लिहिणारे लोक आपापले तुकडे नीट बांधून तिथे ठेवतात, त्यांना पॅकेज म्हणतात. ज्याला हवं त्याने कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक काळी खिडकी उघडून तिच्यात एका ओळीची कमांड टाइप करायची, की ते पॅकेज त्याच्या मशीनवर येऊन पडतं. विचारणं नाही, आभार मानणं तर नाहीच. कोणी नेलं हेही कळत नाही. किती वेळा नेलं, तेवढा आकडा फक्त दुसऱ्या दिवशी त्या पॅकेजच्या पानावर दिसतो. धाकटा तो आकडा जेवायला बसला की जाहीर करायचा. काल तिघांनी नेलं, असं म्हणून ऐटीत आईकडे बघायचा, आणि आई म्हणायची, की तुझ्या खोलीतलाही कोणी नेला असता तर उपकार झाले असते.

मग एका सकाळी तो घाईघाईत बाहेर पडला आणि वळणावर ट्रकखाली आला. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच आहे.

त्याची बहीण, थोरली, दुसऱ्या गावात नोकरीला होती. ती आली आणि जे जे करायचं असतं ते सगळं तिने केलं. दवाखान्यातल्या सह्या, बँकेतले हेलपाटे, त्याचा फोन नंबर बंद करणं. रडली मात्र नाही. नातेवाईक एकमेकांना म्हणाले, पोरगी खंबीर आहे. खंबीर कसली? झोपेत अंगाखाली दबलेला हात आपला वाटत नाही, तशी ती सगळीच्या सगळी झाली होती. तिला काही वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं. रजा संपली तशी ती कामावर परत गेली. दिवस उगवला की माणसाला कुठेतरी जावं लागतं, म्हणून गेली.

आईला रोज संध्याकाळी फोन करायचा असं तिने ठरवलं होतं. ठरवलं खरं, पण बोलायचं काय? जेवलीस का, हो. तू जेवलीस का, हो. त्यानंतर दोघी फोन कानाला लावून नुसत्या बसायच्या. आईकडच्या घड्याळाची टिकटिक इकडे ऐकू यायची. ज्याच्याबद्दल बोलायचं होतं त्याचं नाव दोघींच्या तोंडून निघत नव्हतं, आणि दुसऱ्या कशाबद्दल बोलायचं तर लाज वाटायची. एका संध्याकाळी अशाच शांततेनंतर आई म्हणाली, "त्याचं ते... अजून कोणी नेतं का गं?"

थोरलीने पान उघडून बघितलं. आकडा शून्य होता. आदल्या दिवशीचाही शून्य, त्याच्या आधीचाही शून्य. हयातीत जे तिघं-चौघं नेत होते त्यांत बहुतेक तो स्वतःच असणार, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं, पण तोंडाने ती म्हणाली, की आज पान उघडत नाहीये, उद्या बघून सांगते. अशी तिने वेळ मारून नेली.

आता या धंद्यातली एक रीत सांगितली पाहिजे. बाहेरच्या माणसाने ती ऐकली तर वेड्यात काढेल. थोरलीचं ऑफिस गोदामांसाठी सॉफ्टवेअर बनवायचं. तिथल्या वीस-पंचवीस जणांपैकी कोणी प्रोग्राममध्ये काहीही बदललं, अगदी एक स्वल्पविराम जरी हलवला, तरी कुठेतरी एक नवंकोरं रिकामं मशीन उभं राहायचं, खरंखुरं नव्हे, मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटातलं आभासी. त्यावर लागतील ती सगळी पॅकेजेस रिपॉझिटरीतून पुन्हा आणायची, प्रोग्राम जोडायचा, चालतो का ते तपासायचं, आणि मशीन फेकून द्यायचं. पुढच्या बदलाला पुन्हा नवं मशीन. म्हणजे दर कप चहासाठी नवं स्वयंपाकघर बांधायचं, भांडी विकत आणायची, चहा उकळायचा आणि स्वयंपाकघर पाडून टाकायचं. दिवसभर हेच चालायचं, आणि यात हसण्यासारखं काही आहे असं त्या ऑफिसात कोणालाही वाटत नव्हतं. उलट शिस्त म्हणून सांगायचे.

कोणती पॅकेजेस आणायची, त्यांची नावं एका फाइलमध्ये ओळीने लिहिलेली असत. दुसऱ्या दिवशी सकाळी थोरलीने त्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली आणि 'पसारा' असं लिहिलं. प्रोग्रामला त्याची काडीचीही गरज नव्हती. आणायचं, बाजूला ठेवायचं, मशीनबरोबर फेकून द्यायचं, एवढंच त्याचं काम. बदल तपासणाऱ्या सहकाऱ्याने त्यावर वरवर नजर टाकली आणि मान डोलावली. या धंद्यात लोक दुसऱ्याच्या कामाचे पाच शब्द बारकाईने वाचतात आणि पाचशे शब्द डोळे झाकून. तिचा बदल पाच शब्दांचाही नव्हता, पण त्या दिवशी तो जेवायच्या घाईत होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने आईला आकडा सांगितला. साठ.

"साठ?" आई म्हणाली. मग तिने नाक ओढलं आणि म्हणाली, की एवढ्या लोकांना त्याचं काम आवडलं आणि तो मेला आपल्याला सांगायचा तिघं म्हणून.

त्या दिवसापासून दोघींना बोलायला विषय मिळाला. काल किती जणांनी नेलं, हे आई विचारायची आणि थोरली सांगायची. आईने ते मावशीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दुकानात सुट्टे घेताना दुकानदारालाही सांगितलं. कोण असतील गं हे लोक, असं ती विचारायची, आणि थोरलीने थापा मारायला सुरुवात केली, की एखादी शाळा असेल, एखादं वर्तमानपत्राचं ऑफिस असेल. मावशीने फोन करून सांगितलं, की ताई आता सकाळी अंघोळ करून बसते, मधे तर केसही विंचरत नव्हती. तुझ्यामुळे गं, असं मावशी म्हणाली. थोरलीने ते ऐकून घेतलं आणि तिला काही वाटलं नाही. निदान एक माणूस तरी हलतंय, एवढं तिने मनात टिपलं आणि पुन्हा कामाला लागली.

सुट्टीच्या दिवशी मात्र पंचाईत व्हायची. ऑफिस बंद, म्हणजे मशीनं बंद, म्हणजे आकडा भुईसपाट. रविवारी लोक कमी का नेतात, असं आईने एकदा विचारलंच. थोरली म्हणाली, लोकांनाही घरदार असतं. आईला ते पटलं. तरी पुढच्या रविवारी थोरली घरच्या लॅपटॉपवर बसली आणि तीच ती कमांड हाताने मारत राहिली. आण, काढून टाक, आण, काढून टाक. दर वेळी काळ्या खिडकीत एक ओळ पळायची, 'पसारा आणत आहे', आणि तिच्याखाली दुसरी, 'पूर्ण झाले'. दुपार अशीच निघून गेली. तिला कंटाळा आला नाही. कंटाळा यायलाही काहीतरी वाटावं लागतं.

असे काही महिने गेले. मग ऑफिसात कात्रीने डोकं वर काढलं.

कात्री म्हणजे तिच्या टीमचा प्रमुख. नको ते कापून टाकण्याची त्याला एवढी हौस, की मीटिंगमध्ये लोकांची वाक्यंसुद्धा अर्ध्यात कापायचा. म्हणून पाठीमागे सगळे त्याला कात्री म्हणत. एका सकाळी त्याने सगळ्यांना जमवून सांगितलं, की रिपॉझिटरी चालवणाऱ्यांचा निरोप आलाय. तुमच्याकडून फार ओढाताण होते, तेच ते पॅकेज दिवसातून शंभरदा नेता, जरा लाज बाळगा, असा त्याचा मथितार्थ. तेव्हा आता ऑफिसात आपलं स्वतःचं छोटं कोठार करायचं. प्रत्येक पॅकेज बाहेरून एकदाच आणायचं, इथे ठेवायचं, आणि मशीनांना इथूनच द्यायचं. आणि हात लागलाच आहे तर त्या फाइलमधली बिनकामाची पॅकेजेसही काढून टाकायची. हे काम कोणाला द्यायचं, यावर त्याला विचार करावा लागला नाही. टीममधला सगळ्यांत काळजीपूर्वक हात थोरलीचा होता.

तिने कोठार उभं केलं. ते अवघड नव्हतं. फाइलमधली बिनकामाची नावंही एकेक करून काढली, आणि एक ओळ सोडून दिली. कात्रीने ती बरोबर पकडली. तिच्या टेबलाशी येऊन म्हणाला, की हा पसारा काय आहे, याला तर कोणी हातही लावत नाही. त्याने जुने बदल उघडून बघितले. या धंद्यात प्रत्येक ओळीशेजारी ती लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख कायमची राहते, पळायला जागा नसते. नाव तिचं निघालं. तारीख बघून त्याला काही आठवलं असावं, कारण त्याने खुर्ची ओढली आणि बसला.

"माझ्या भावाचं आहे," ती म्हणाली.

कात्रीने आयुष्यात पहिल्यांदाच एक वाक्य पुरं होऊ दिलं. मग घसा साफ करून म्हणाला, की राहू दे मग. त्याचं असं वजन ते किती. कोणी विचारलं तर माझं नाव सांग. आणि तो उठून गेला. त्याला वाटलं, आपण तिला मोठा आधार दिला, आणि माणूस म्हणून दिलाही होता. पण त्याच्या हे लक्षात आलं नव्हतं, की ओळ राहिली काय आणि गेली काय, आता सारखंच होतं. बाहेरच्या कोठारातून पसारा एकदाच येणार आणि मग ऑफिसातल्या ऑफिसात फिरत राहणार. बाहेर आकडा शून्यावर येणार. आणि ते करणारे हात तिचे स्वतःचे होते.

आई पुन्हा केस विंचरणं सोडून देईल, हे एकच भय तिच्या त्या बधिर डोक्यात शिरलं. आणि पुन्हा फोनवर ती घड्याळाची टिकटिक.

शुक्रवारी ऑफिसातून घरी आल्या आल्या तिने लॅपटॉपवर चार-पाच ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. पॅकेज आण, काढून टाक, थोडं थांब, पुन्हा आण. तो चालू केला आणि लॅपटॉप चार्जरला लावून ठेवला. शनिवारभर तो चालत राहिला. ज्यांनी ओढाताण कमी करा म्हणून सांगितलं होतं त्यांच्याच कोठारावर ती आता घरून दरोडा घालत होती. हे तिला कळत होतं. कळणं आणि वाटणं यांत फरक असतो.

रविवारी ती आईकडे गेली. लॅपटॉप बरोबर घेतला, बंद करायचा धीर झाला नाही, म्हणून फोनच्या इंटरनेटवर तो बसमध्येही चालूच होता. पोचली तेव्हा आई दारात उभी होती. केस विंचरलेले, साडी इस्त्रीची. चहा झाला आणि आई सोफ्यावर तिच्या शेजारी येऊन बसली, की दाखव बघू आज, फोनवर नुसतं ऐकूनच घेते मी. थोरलीने लॅपटॉपवर पान उघडलं. शनिवारचा आकडा आजवरच्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठा होता. तिने जरा जास्तच जोर लावला होता.

आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला. सुट्टीच्या दिवशी एवढे, असं पुटपुटली. मग तिने चष्मा काढला, पदराने पुसला आणि मनात बरेच दिवस घोळत असलेली गोष्ट बाहेर काढली. तिला या लोकांपैकी एकाशी बोलायचं होतं. फार नाही, दोन मिनिटं. तुम्ही माझ्या मुलाचं ते नेता, त्याचं काय करता, उपयोग होतो का, एवढंच विचारायचं होतं. मावशी म्हणाली होती, की थोरलीला सांग, तिला असले लोक माहीत असतात.

"एक जण शोधून दे," आई म्हणाली. "एवढ्यांत एक तरी बोलेल की माझ्याशी."

थोरलीच्या डोक्यात सटासट पर्याय आले. कात्रीला सांगता येईल, तो आता नाही म्हणणार नाही. मावसभावाला आवाज बदलून बोलायला लावता येईल. पान खाली सारता सारता तिचं बोट चुकून दुसरीकडे पडलं आणि मागची काळी खिडकी पुढे आली. तिच्यात ओळी पळत होत्या. पसारा आणत आहे, पूर्ण झाले. पसारा आणत आहे, पूर्ण झाले. आईला कॉम्प्युटरमधलं काही कळत नव्हतं, पण मुलाने हौसेने ठेवलेलं नाव तिला कोणत्याही लिपीत वाचता आलं असतं.

"हे काय चाललंय?"

खोटं बोलायची तिला आता चांगली सवय झाली होती. एक थाप जिभेवर आलीही होती. पण आई तिच्याकडे बघत नव्हती, ती त्या पळणाऱ्या ओळींकडे बघत होती. एक ओळ गेली की दुसरी येते का, याची वाट बघितल्यासारखी.

"हे मी आहे, आई," थोरली म्हणाली. "मीच आणते ते आणि मीच टाकून देते. आधी ऑफिसातून आणत होते, आता इथून."

"म्हणजे कालचे?"

"कालचे मीच. परवाचे मीच. पहिल्यापासून."

"दुसरं कोणीच नाही?"

"नाही. आपण दोघीच आहोत."

हे तिने इतक्या सपाट आवाजात सांगितलं, की तिचं तिलाच ते दुसऱ्या कोणाचं वाक्य वाटलं. सोफ्याच्या कापडावर एक सुरकुती होती, ती आईने तळहाताने सारखी केली, पुन्हा सारखी केली. रागावली असती तर बरं, असं थोरलीला वाटलं. शेजारीण, मावशी, दुकानदार, सगळ्यांपुढे आईला तोंडघशी पाडलं होतं तिने.

मग आईने विचारलं, की ते करतं तरी काय? मी एवढ्या लोकांना सांगत सुटले आणि मला हेच माहीत नाही. थोरलीने सांगितलं, की काही मोठं नाही गं. लिहिताना शब्दांच्या मधे नको तेवढी मोकळी जागा सुटते ना, ती हे काढून टाकतं. शब्द जवळ आणून वाक्य नीट करून देतं. आई धाकट्याच्या खोलीच्या बंद दाराकडे बघून म्हणाली, "म्हणजे आवराआवर? तो?" आणि तिला हसू आलं. थोरलीलाही हसू आल्यासारखं झालं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही.

"मला येईल का आणायला?" आई म्हणाली. "एकदा मी आणते. म्हणजे एक तरी खरं होईल."

थोरलीने दोन बटणं एकदम दाबून आपला प्रोग्राम थांबवला. शुक्रवारपासून पळत असलेली खिडकी पहिल्यांदाच गप्प झाली. लॅपटॉप तिने दोघींच्या मांड्यांवर आडवा ठेवला आणि आईने एका बोटाने, एकेक अक्षर शोधत, ती कमांड टाइप केली. थोरलीने फक्त अक्षरं सांगितली, हात लावला नाही. शेवटचं बटण आईने दारावरची बेल दाबावी तसं दाबून धरलं. ओळ पळाली. पूर्ण झाले.

आलं का, असं आईने विचारलं. आलं. मग आता? आता वापरायचं, थोरली म्हणाली, काहीतरी लिही, ते नीट करून देईल. काय लिहू? काहीही, मनात येईल ते.

आईने थोडा विचार केला आणि लिहायला लागली. अंगठा मोकळ्या जागेच्या लांब बटणावर विसावत होता आणि ते तिच्या ध्यानात येत नव्हतं, त्यामुळे दोन शब्दांच्या मधे हातभर जागा पडली. शेवटी तिने बोट उचललं. पडद्यावर एका टोकाला 'कधी' होतं आणि पार दुसऱ्या टोकाला 'येतोस'.

थोरलीने बटण दाबलं. धाकट्याच्या प्रोग्रामने मधली जागा काढली, दोन शब्द जवळ आणले आणि खालच्या ओळीवर परत दिले. कधी येतोस. तेवढंच त्याला येत होतं. त्याच्याखाली रिकामी ओळ होती आणि तिच्यात एक रेघ उघडझाप करत होती.

दोघी त्या रेघेकडे बघत राहिल्या. तिच्यापुढे काही येणार नव्हतं, हे थोरलीला पक्कं माहीत होतं, तिचा धंदाच तो होता, आणि तरी ती वाट बघत होती. मग तिच्या छातीतून एक आवाज निघाला. आपण असा आवाज काढू शकतो हे तिला माहीत नव्हतं. आईने आधी लॅपटॉप मांडीवरून उचलून टेबलावर ठेवला, आणि मग तिला जवळ घेतलं.